देवांची वाटणी

शनिवारी अर्धी शाळा. अप्पा त्यांच्या शाळेतून निघाले, मी शिकवत होते त्या शाळेतून, आणि जुबिली सर्कलला आम्ही भेटलो. हुबळीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसायला जागा नव्हती. अप्पा एका हाताने दांडी धरून उभे राहिले, दुसऱ्या हातात छत्री. फेब्रुवारीत धारवाडला छत्री लागत नाही. पण त्यांच्या हातात ती बाराही महिने असे. एकदा घरी ठेवायची सवय लागली की नेमकी पावसात विसरते, असं ते म्हणत.

नवनगरला आम्ही दोघंच उतरलो. लाल मातीचा उघडा माळ आणि त्यावर हाउसिंग बोर्डाची अर्धी उभी राहिलेली घरं, सगळी एका मापाची. सोडतीत अप्पांचा नंबर लागून दोन महिने झाले होते. राखणदार विटांच्या सावलीत भाकरी खात होता. "नोड्री, नोड्री," म्हणजे बघा, बघा, असं तो बसल्या जागेवरूनच म्हणाला. रोज कोणी ना कोणी बघायला येत असणार.

आमच्या ओळीतल्या घराला अजून दार नव्हतं. चौकटही नव्हती, नुसती भिंतीतली मोकळी जागा. अप्पांनी त्या मोकळ्या जागेबाहेर चपला काढल्या. आत सिमेंटचा धुरळा होता, खडी होती.

"अप्पा, पाय कापेल."

"घर आहे ना ते," अप्पा म्हणाले.

मग त्यांनी छत्री आडवी धरून बाहेरची खोली मोजली. गणिताचे मास्तर. प्रत्येक वेळी टोकाशी खडूने रेघ. "ह्या भिंतीला तुझी पुस्तकं. कपाट नको, फळ्याच बसवू. आई आत. तिला मागच्या दाराचं ऊन लागतं."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर कट्ट्यावर. जाणाऱ्यायेणाऱ्याला गणितं घालीन."

"कट्टा कुठाय?"

"बांधू की."

ते मागच्या बाजूला जाऊन आले, न्हाणीघर बघून आले. मी खिडकीच्या मोकळ्या जागेतून बाहेर बघत होते. लांबवर रेल्वेची गाडी जात होती, तिचा आवाज वाऱ्याबरोबर कमीजास्त होत होता. अप्पा माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मथू, तुला हवंय का हे?"

मी म्हटलं, "पाण्याचं काय? इथं नळाला रोज पाणी येत नाही म्हणतात."

"पाण्याचं बघू," अप्पा म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी अडचण सांगितली. बोर्डाचं पत्र आलं होतं. अर्जदाराच्या नावावर राज्यात कुठेही घर असता कामा नये, अशी अट होती. अप्पांनी अर्जात 'नाही' लिहिलं होतं आणि ते मनापासून लिहिलं होतं. पण बोर्डाने चौकशी केली, तर कलघटगीच्या घराच्या उताऱ्यावर दत्तात्रेय आणि राघवेंद्र अशी दोन्ही भावांची नावं निघाली. म्हणजे अर्धं घर अप्पांचं. आता महिनाअखेरीच्या आत तो हक्क रजिस्टर करून सोडायचा, नाहीतर सोडतीतलं घर दुसऱ्याला.

"उद्या जाऊन अण्णाला सांगतो," अप्पा म्हणाले.

"काय म्हणतील अण्णा?"

"रागावेल. मग जेवायला वाढेल. जेवण झालं की तयार होईल."

संध्याकाळी त्यांनी पेपर तपासले. रात्री आईने मेथीची भाजी केली होती. जास्त तिखट झाली, एवढंच त्या जेवणाविषयी बोलणं झालं.

रविवारी सकाळी कलघटगीच्या बसची वाट बघत असताना स्टँडवरच्या बाकावर अप्पांच्या छातीत कळ आली. त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना टांग्यात घालून सिव्हिलला नेलं. मी पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. छत्री त्या मुलाने जपून धरली होती. ती त्याने माझ्या हातात दिली.

*

दिवस कलघटगीला करायचे ठरले. ठरले म्हणजे दुसरं काही शक्य नव्हतं. धारवाडात सप्तापूरला आम्ही ज्या भाड्याच्या खोल्यांत राहत होतो, तिथे मी चालायला शिकले होते. पण खोल्या वेंकटेशराव देसायांच्या होत्या आणि त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. देसाईअक्का आमच्या दारापर्यंत आल्या, आत आल्या नाहीत. रडल्या खऱ्या. मग कानडीत आईला म्हणाल्या की मास्तर आम्हाला भावासारखे, पण अंगणात मांडवाची मेढ रोवली आहे आणि त्याच अंगणात पिंडाचं कसं करायचं ते तुम्हीच सांगा. त्या खोल्याही त्यांना नव्या सुनेसाठी हव्या होत्या. ते त्यांनी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी त्या विषयावर बोलल्या नाहीत, एवढी माणुसकी त्यांनी पाळली.

आई म्हणाली, "बरोबर आहे हो अक्का तुमचं."

म्हणून आम्ही अप्पांना घेऊन नाही, अप्पांच्या अस्थी घेऊन कलघटगीला गेलो. अण्णा दारात उभे होते. अप्पांचे थोरले भाऊ. अप्पा त्यांना अण्णा म्हणत म्हणून आम्हीही अण्णाच म्हणतो; ते मात्र धाकट्या भावाच्या बायकोला, आईला, मानाने वैनी म्हणत. त्यांनी लोटकं माझ्या भावाच्या, प्रभंजनच्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "ये रे, राघू."

तेराव्याचं गोडाचं जेवण झालं. भटजी दक्षिणा घेऊन गेले, गावातली मंडळी गेली, अण्णांचा मुलगा यशवंत दुकान उघडायला गेला. अण्णा, लीलाकाकू, आई, प्रभंजन आणि मी, असे आम्ही पाच जण उरलो. अण्णा माजघरात पाटावर बसून देव घासत होते. सुतकात देवांना हात लागत नाही. तेराव्याला ते सगळे खाली घ्यायचे, घासायचे, मग पूजा. ताम्हण, समई चिंचेनं आधीच झाली होती. आता चांदीचे दोन टाक राहिले होते, एक खंडोबाचा, एक भवानीचा, तळहातात मावतील एवढे. अण्णा रांगोळीच्या बारीक पुडीनं ते हळूहळू चोळत होते. नाक-डोळे पिढ्यांनी चोळून चोळून पुसट झालेले. कोण खंडोबा आणि कोण भवानी हे घरच्यांनाच कळावं.

आमच्या सप्तापूरच्या खोलीत देव नव्हते. एक तसबीर होती आणि तिच्यापुढे आई दिवा लावायची. देव कलघटगीला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत होतो, जसं कोणी म्हणावं की आजी कलघटगीला.

आई उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मोकळ्या कपाळाची अजून कोणाच्या डोळ्यांना सवय झाली नव्हती. बोलताना सगळे तिच्या खांद्याकडे बघत.

तिनेच सुरुवात केली. "प्रभू, बोर्डाचं सांग अण्णांना."

प्रभंजन हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो. आईने सांगितलं म्हणून तो दहाव्याच्या आधी बोर्डाच्या ऑफिसात जाऊन आला होता. त्याने गाडीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. नंबर अप्पांचा असला तरी रद्द होत नाही. वारसांपैकी ज्याच्या नावावर घर नाही, त्या कोणाही एकाच्या नावावर होतं; बाकीच्यांनी संमती द्यायची. पण कलघटगीचा हक्क आधी सुटायला हवा. महिनाअखेरीच्या आत.

अण्णांचा हात थांबला नाही. "कसला हक्क?"

"ह्या घरातला अर्धा."

"राघूनं बोर्डाला काय लिहून दिलं होतं?"

मी म्हटलं, "माझं घर कुठेही नाही, असं."

आता हात थांबला. "असं लिहिलं त्यानं?"

*

त्या क्षणी काकूला काय वाटलं, हे तिने मला पुष्कळ वर्षांनी, मागच्या अंगणात शेंगा निवडताना सांगितलं. लीलाकाकू म्हणाली, "मला वाटलं, देवा, हे आता दोन दिवस जेवत नाहीत."

तिला अण्णांचं सगळं माहीत होतं. मॅट्रिक झाल्यावर अण्णांनी शाळा सोडली आणि धान्याच्या दुकानात बसले, ते राघू कॉलेजात जावा म्हणून. आजोबा वारले तेव्हा अप्पा ह्याच माजघरात उभे राहून म्हणाले होते, "घर तुझं, अण्णा. मला शिकवलंस, तो माझा वाटा." तोंडी. भावाभावांत कागद करायचा म्हणजे एकमेकांच्या तोंडात मारल्यासारखं. अप्पांसाठी तो विषय तिथेच संपला. पण अण्णांनी ते ऐकलं, मान हलवली आणि दरवर्षी पंचायतीत घरपट्टी दोघांच्या नावाने भरत राहिले. एकदा कारकून म्हणाला, एकच नाव ठेवू का, तर त्याच्यावर ओरडले, "माझा भाऊ काय परागंदा झालाय?"

एकाने तोंडाने सोडलं होतं, दुसऱ्याने कागदावर धरून ठेवलं होतं, आणि दोघांनाही आपण भावाचं भलं करतोय असं वाटत होतं.

काकूला मात्र ते दुसरं नाव गेली दोन वर्षं टोचत होतं. यशवंतसाठी नवलगुंदचं स्थळ आलं होतं आणि मुलीच्या बापाने सरळ विचारलं होतं, घर कोणाच्या नावावर. काकू अण्णांना ते सांगू शकत नव्हती. तिची आणि आईची जावाजावांची धुसफूस सगळ्या घराला ठाऊक होती; एका नथीवरून त्या वर्षभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. पण त्या दुपारी तिने पाहिलं की तिला जे हवं आहे तेच शकूला, म्हणजे माझ्या आईला, हवं आहे.

"बाईला आपली चूल हवी," काकू म्हणाली. "शकू म्हणतीय तर घेऊन टाका की सह्या. मास्तरांनी एवढी धडपड केली."

आईने तिच्याकडे बघितलं. नथीचं भांडण झाल्यापासून पहिल्यांदा, असं काकू म्हणते.

"तू गप्प बस," अण्णा म्हणाले.

"मी काय वाईट बोलले?"

"घर कुठेही नाही! मग हे काय आहे? धर्मशाळा?" अण्णांनी भवानीचा टाक ताम्हणात ठेवला. "वैनी, तुम्ही इथं या. आजच राहा. मथूचं लग्न होईपर्यंत ती तिथं खोली घेऊन राहील, सुट्टीला येईल. तुमच्या वाट्याची खोली आहे. मी मोकळी करून देतो. कोण म्हणतंय घर नाही?"

"तसं नाही, भावजी," आई म्हणाली.

"मग कसं?"

आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

*

अण्णांचं म्हणणं लोभाचं नव्हतं, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. सही केली तर घर पूर्ण त्यांच्याच नावावर होणार होतं. ज्याला मिळायचं तोच नको म्हणत होता.

"हक्क सोडला म्हणजे वेगळं झालं," ते म्हणाले. "जिवंतपणी आम्ही वेगळे झालो नाही. आता मेल्यावर त्याला वेगळा काढू? आणि वेगळं झालं की देव वाटावे लागतात. नवं घर झालं, वास्तुशांत झाली, की घरात कुळाचे देव हवेत. तो मुलाचा हक्क. उद्या प्रभंजन मागेल, आणि त्यानं मागितलं तर मला नाही म्हणता येणार नाही. हे दोन आहेत." त्यांनी दोन्ही टाक दोन तळहातांवर घेतले. "सांगा. खंडोबा कोणाला आणि भवानी कोणाला? खंडोबा हुबळीला आणि भवानी इथं? माझ्या आज्यापासून एका ताम्हणात आहेत."

प्रभंजन म्हणाला, "मी कुठे मागतोय, अण्णा? मला तर पटतंय तुमचं."

सगळ्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं.

"म्हणजे काय?" आईने विचारलं.

"म्हणजे नको सोडायला. गावात, पेठेला लागून अर्धं घर आहे. ते सोडायचं आणि त्या माळावर दोन खोल्या घ्यायच्या. हप्ते पंधरा वर्षं. तोवर ते घर आपलं नाहीच, बोर्डाचं. पाणी दोन दिवसांनी येतं. हिशेब कुठं बसतो ह्याचा?"

"आता कसं मुलासारखं बोललास," अण्णा म्हणाले. मग थांबले. मुलगा कशाच्या बाजूने बोलतोय हे त्यांच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. ते भावाच्या नावासाठी बोलत होते. प्रभंजन पेठेला लागून असलेल्या भिंतीसाठी.

मला प्रभंजनचा राग आला होता. आता येत नाही. तेवीस-चोवीस वर्षांचा होता. रेल्वेची क्वार्टर नोकरीबरोबर जाते. त्याची बायको सीता माहेरी होती, सातवा चालू होता. बाप गेल्यावर तेराव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं होतं की एकुलती एक वस्तू जी आपली म्हणून दाखवता येईल, ती सोडायला त्याला सांगत आहेत. आणि आजवर त्याला कोणी काही विचारलेलंच नव्हतं. बसताना त्याने भिंतीला हात टेकला होता. तो हात तो काढत नव्हता.

"तू क्वार्टरमध्ये राहतोस," मी म्हटलं. "आई कुठं राहणार?"

"माझ्याकडे."

"एका खोलीत? बाळ येईल, सीताची आई येईल."

"मग इथं राहील. अण्णा म्हणताहेतच."

"आणि मथू?" काकू म्हणाली.

"मथूचं काय? तिचं लग्न होईलच की."

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. आमच्याकडे हे वाक्य सगळे बोलत, कोणी आजारी माणसाला 'बरं वाटेल' म्हणावं तसं. ते बोलल्यावर जरा वेळ कोणी कोणाकडे बघत नसे. आताही तेच झालं. काकू पदराने वारा घेऊ लागली. अण्णांनी खंडोबाचा टाक पुन्हा घासायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

आई म्हणाली, "प्रभू, तुझ्या बापानं हे घर सोडलेलं आहे. इथंच उभं राहून. मी नवी नवरी होते, दारामागे उभी होते, मी ऐकलंय. बापानं सोडलेलं लेकानं धरू नये."

"कागद कुठाय?"

"माझ्या कानांना कागद लागत नाही."

इतकं बोलायची तिला सवय नव्हती. बोलून तिने डोळे मिटून घेतले. पण अण्णांनी मान हलवली. "तो बोलला होता. ते खोटं नाही. पण मी घेतलं नव्हतं, वैनी. देणाऱ्यानं दिलं म्हणून झालं का? घेणाऱ्यानं घ्यायला नको?"

"मग आता घ्या," काकू म्हणाली.

"आणि देव?"

सगळं फिरून तिथेच येत होतं. बाहेर यशवंतच्या दुकानात कोणीतरी जोंधळा मोजून घेत होतं, मापाचा लोखंडी आवाज येत होता.

*

मी काही हुशारी केली असं मला वाटत नाही. मला फक्त एक गोष्ट खरोखरच माहीत नव्हती, म्हणून मी विचारली.

"अण्णा, देव कोणाकोणात वाटतात?"

"भावाभावांत. मुलग्यांत."

"मुलींत?"

"मुलीला कुठले देव?" ते म्हणाले. चिडून नाही, आम्ही शाळेत उजळणी घेतो तसं. "मुलगी ज्या घरात जाईल त्या घरचे देव तिचे. बापाचे देव मुलीकडे जात नाहीत."

"म्हणजे घर मुलाच्या किंवा आईच्या नावानं झालं, तर वाटावे लागतील."

"हो. वैनींच्या नावाचं म्हणजे शेवटी प्रभंजनचंच."

"आणि माझ्या नावानं झालं तर?"

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या बोटांना रांगोळीची पांढरी पूड लागली होती.

"बोर्ड वारसांपैकी कोणाही एकाला देतं," मी म्हटलं. "मला नोकरी आहे. हप्ते मी भरीन. माझ्या घरात कुळाचे देव येत नाहीत, तर मग वाटायचं कारण नाही. दोन्ही टाक इथंच, एका ताम्हणात. आई माझ्याकडे राहील. हे घर तुमचं. आणि देव इथं आहेत म्हणजे नवरात्रात प्रभूचा पाटही इथंच."

मग काकू हळूच म्हणाली, "अगं बाई."

अण्णांनी दोन्ही टाक ताम्हणात ठेवले, आधी भवानी, मग तिच्या उजवीकडे खंडोबा. बोटाने जरा सरकवून सारखे केले. "शास्त्राला धरून आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "राघूच्या पोरीचं डोकं राघूचंच." मग प्रभंजनला म्हणाले, "तुझं काय म्हणणं?"

"मला काय विचारता? ठरवलंत सगळ्यांनी."

"विचारतोय म्हणून सांग. ह्या घरात कागदावर तुझं नाव राहणार नाही. पण नवरात्रात घट तू बसवायचा, यशवंत नाही. थोरल्यानंतर धाकट्याचा मान. हे मी आज देवांसमोर बोलतो. तोंडी. चालतंय का?"

प्रभंजन भिंतीकडे बघत होता. त्याला काय वाटत होतं ते त्याने मला कधी सांगितलं नाही. तो सांगणारा नाही. पण मी पाहिलं ते असं: त्याने भिंतीवरचा हात काढला, चुन्याने पांढरा झालेला तळवा धोतराला पुसला आणि म्हणाला, "सीता बाळंत झाली की तिला इथं आणीन पाया पडायला. तेव्हा ह्या दोघींनी नथीचं काढायचं नाही."

काकू हसली. तेरा दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं. आईने डोळे उघडले, आणि तिलाही काहीतरी झालं, ज्याला हसू म्हणता येणार नाही, पण ते रडूही नव्हतं.

"उद्या सब-रजिस्ट्रारकडे जाऊ," अण्णा म्हणाले. "सगळेच जाऊ." आणि ते उठले. गुडघ्याला हात लावून, हळूहळू. देवघराकडे जाता जाता माझ्यापाशी थांबले. ओला हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. त्यांचे डोळे भरले होते.

"आईसाठी केवढं करतेस, पोरी," ते म्हणाले. "स्वतःच्या लग्नाचा विचार बाजूला ठेवून. राघू असता तर त्याचा ऊर भरून आला असता. मुलगी असावी तर अशी."

काकूनेही मान हलवली. प्रभंजनने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्याला जरा लाज वाटली असावी. सगळं जुळलं होतं. गप्प राहिले असते तर ते तसंच जुळलेलं राहिलं असतं. मी चांगली मुलगी झाले असते, घर आईसाठी झालं असतं, आणि पुढची तीस वर्षं नातेवाईक येताजाता ते बोलले असते. आई माझ्याकडे बघत होती. ती मान हलवत नव्हती. अप्पा त्या दुपारी सिमेंटच्या धुरळ्यात अनवाणी उभे राहून जे विचारत होते, ते तिला माहीत होतं असं मला वाटलं. त्या दोघांनी ते आपापसात बोलून ठेवलं असेल. मला एकटीला विचारायचं राहिलं होतं, म्हणून ते मला छत्री घेऊन माळावर घेऊन गेले होते.

अण्णांचा हात अजून माझ्या डोक्यावर होता. मी तो दोन्ही हातांत घेऊन खाली आणला.

"आईसाठी नाही, अण्णा," मी म्हटलं. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. बाहेर मापाचा आवाज थांबला. "लग्नाचा विचार मी बाजूला ठेवलेला नाही. तो मी केला आणि मला करायचं नाही. अप्पांनी विचारलं होतं, तुला हवंय का. मी पाण्याचं बोलले. मला हवंय. आई आली नसती तरी हवं होतं. मला ते घर माझ्यासाठी हवंय."